जोराची गाठ

आगरदांड्याच्या जेटीवर माझ्या केबिनला लागून सिमेंटचा एक बाक आहे. त्यावर चार माणसं बसतात, दाटीवाटीने पाच. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मात्र बाकाच्या खाडीकडच्या टोकाला कोणी बसत नसे. ती मेहरुन्निसा टीचरांची जागा. तशी पाटी लावलेली नव्हती. नवा प्रवासी चुकून तिथे बसलाच, तर शेजारी सुकी मासळी विकणारी जनाबाई त्याला म्हणायची, "जरा सरक बाबा. टीचर येतील आता."

टीचर एप्रिलमध्ये मुलाकडे इंग्लंडला गेल्या, सहा महिन्यांसाठी. जनाबाई अजूनही लोकांना सरकायला सांगते.

खाडीच्या या बाजूला आगरदांडा, पलीकडे दिघी. मधे फेरीबोट. प्रत्येक फेरीत किती गाड्या, किती दुचाकी आणि किती माणसं गेली ते वहीत लिहिणं हे माझं काम. मी आकड्यांचा माणूस आहे. कानावर पडलेल्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नसतो, मोजलेल्या गोष्टींवर असतो. टीचरांबद्दल लिहितानाही जे पाहिलं आणि मोजलं तेवढंच लिहीन.

टीचरांचं घर दिघीला. आमची शाळा या बाजूला. त्यामुळे चौतीस वर्षं त्यांनी रोज खाडी ओलांडली. पूर्वी मोटारगाड्या नेणारी बोट नव्हती, लहान लाँच होती. टीचरांची उंची पाच फुटांच्या आतली, बारा महिने हातात छत्री, पर्समध्ये कापडात गुंडाळलेला खडू. आठवीत त्या मला इंग्रजी शिकवायला होत्या. सहामाहीच्या पेपरात त्यांनी माझा अर्धा मार्क चुकून कापला होता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पण रविवारी सकाळी टीचर लाँचने आल्या आणि पुढे दोन मैल चालत आमच्या दारात उभ्या राहिल्या. शाळेची बाई सुट्टीच्या दिवशी घरी आली म्हणजे पोरानं काहीतरी भयंकर केलं असणार, असं समजून वडिलांनी आधी माझा कान धरला.

"कान सोडा त्याचा," टीचर म्हणाल्या. "चूक माझी आहे. अर्धा मार्क द्यायचा राहिला."

"अर्ध्या मार्कासाठी एवढ्या लांब आलात?"

"अर्धा असला तरी त्याचा आहे."

पेपर काढून ओसरीवरच त्यांनी लाल शाईने मार्क वाढवला, सही केली, चहा बशीत ओतून प्यायला आणि निघाल्या. 'जिथे चूक केली तिथे जाऊन खोडायची,' हे त्यांचं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या वाक्यापायी त्यांना पुढे किती जणांची दारं गाठावी लागणार आहेत, ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

टीचरांची ख्याती होती ती लांब शब्दांसाठी. आमच्या वर्गातली निम्मी मुलं भातशेतीवाल्यांची, उरलेली कोळीवाड्यातली आणि मोहल्ल्यातली. घरी इंग्रजी नावाला नाही. फळ्यावर बारा अक्षरांचा शब्द आला की वर्गाचा श्वास अडकायचा. टीचर म्हणायच्या, "लांब शब्द म्हणजे राक्षस नव्हे. लहान माणसांची रांग आहे ती. एकेकाला पुढे बोलवा." मग त्या शब्दाचे तुकडे पाडायच्या आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर पट्टी आपटायच्या. यु, नि, व्हर्, सि, टी. पाच तुकडे, पाच ठोके. आम्ही चाळीस पोरं पाढे म्हणतात तशी ओरडायचो. पाढ्यात जसा प्रत्येक आकडा सारख्या तालात येतो, तसाच प्रत्येक तुकडा. त्या एका युक्तीवर आमच्या भागातली कितीतरी मुलं शिकली. कोणी बोटीवर लागलं, कोणी आखातात गेलं, एक डॉक्टर झाला. सगळ्यांच्या तोंडात तेच इंग्रजी: ठोक, ठोक, ठोक, ठोक.

निवृत्तीनंतर टीचरांनी आगरदांड्याला शिकवणी सुरू केली. परदेशी नोकरीच्या मुलाखतीला बसणारी मुलं-मुली यायची. शिकवणी सुटली की सव्वाचारच्या बोटीसाठी टीचर त्या बाकावर येऊन बसायच्या. माझी-त्यांची दर वेळची दहा-पंधरा मिनिटं ठरलेली. त्या मला 'दिनकर' म्हणायच्या. जेटीवर बाकी सगळे 'साहेब' म्हणतात.

मागच्या डिसेंबरात एका सोमवारी त्या आल्या आणि छत्री मांडीवर आडवी घेऊन नुसत्या बसून राहिल्या. जनाबाईनं विचारलं, "टीचर, बरं न्हाय का?"

"बरी आहे ग."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिनकर, काल अलिनाशी बोलले. पहिल्यांदाच नीट, एकटीशी."

अलिना त्यांची नात. मुलगा इंग्लंडमध्ये, सूनही तिथेच वाढलेली. अलिना सात वर्षांची, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. इतके दिवस फोनवर मुलगाच मधे असायचा. त्या रविवारी तो बाहेर गेला होता आणि पोरीनं एकटीनं व्हिडिओ कॉल घेतला होता.

"मी तिला विचारलं, व्हेजिटेबल्स खातेस का. सरळ प्रश्न. तर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून आईला हाक मारून विचारलं, दादी काय म्हणते आहे?"

"आवाज तुटला असेल फोनचा."

"आवाज नीट होता. मी तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, सॉरी दादी, आणि फोन आईकडे दिला. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, दिनकर. माझ्या नातीला माझं इंग्रजी कळत नाही."

बोट लागली. त्या उठल्या, चढल्या. त्या फेरीची माणसं मोजताना मी दोनदा चुकलो.

खरी अडचण पुढे होती. एप्रिलच्या सुट्टीत मुलगा सहकुटुंब येणार होता आणि परतताना टीचरांना सहा महिन्यांसाठी सोबत नेणार होता. व्हिसा झालेला होता. तिकडे मुलगा-सून दोघेही दिवसभर कामावर. घरी उरणार टीचर आणि शाळेतून आलेली अलिना. टीचरांनी मुलाला फोनवर स्पष्ट सांगितलं, "माझं तिकीट आत्ता काढू नकोस. तू इथे ये. पोरीला माझं बोलणं कळलं तर येईन. सहा महिने त्या घरात मुकी होऊन बसायला मी येणार नाही." मुलानं खूप समजावलं. टीचर ऐकेनात.

बुधवारी त्या आल्या त्या वेगळ्याच. बाकावर बसायच्या आधीच पर्समधून जाडजूड जुनी डिक्शनरी काढून माझ्या वहीवर ठेवली. "हे बघ."

'व्हेजिटेबल' शब्दाच्या पुढे कंसात उच्चार दिलेला होता. त्यात सुरुवातीला वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ होती.

"दिसली?"

"दिसली. काय आहे ती?"

"ती रेघ चौतीस वर्षं माझ्या समोर होती आणि मला वाटत होतं, तुकडे पाडायची काहीतरी खूण असेल. काल पुस्तकाच्या सुरुवातीची माहिती पहिल्यांदा वाचली. ही जोराची खूण आहे. ज्या तुकड्याच्या आधी रेघ, त्याच्यावर जोर. बाकीचे तुकडे पळते, हलके. एखादा तर गिळूनच टाकतात. मी पोरीला व्हे-जि-टे-बल असे चार तुकडे मोजून दिले, चारही सारखे. तिला हवे होते तीन. व्हेज मोठा, आणि टबल तोंडातल्या तोंडात." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "दिनकर, शब्द नुसता मोजायचा नसतो. तोलायचा असतो."

त्या दिवसापासून आमच्या बाकावर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. तुकडे मोजायला पट्टी होती, पण जोर दाखवायचा कशानं? टीचरांनी जनाबाईकडून जाळ्याची दोरी हातभर मागून घेतली. तुकड्याला एक साधी गाठ, जोराच्या तुकड्याला मोठी गाठ. डोळे मिटून दोरीवरून बोट फिरवायचं आणि शब्द म्हणायचा. बोट मोठ्या गाठीवर अडखळलं की आवाज चढवायचा, लहान गाठींवरून घसरायचं. पण टीचरांची मोठी गाठ एकदा बसली की सुटत नसे. रोज नवी दोरी लागायची.

जनाबाईनं आठ दिवस पाहिलं आणि मग दोरी हातातून ओढून घेतली. "टीचर, तुम्ही शाळा शिकलाव, गाठ न्हाय शिकलाव. ही अशी मारा. ओढली की सुटंल."

"अशी?"

"उलटी. आता आतून काढा. व्हय. किती मार्क देऊ?"

"अर्धा दे," टीचर म्हणाल्या.

मीही यात सापडलो. एका शुक्रवारी टीचर म्हणाल्या, शेपटीला 'शन' असलेल्या शब्दांत जोर नेहमी शेपटीच्या लगेच आधी येतो असं त्यांना वाटतं आहे. 'नेहमी' हा शब्द मला सहन होत नाही. मी म्हटलं, मोजून पाहू. जेटीवरच्या पाट्या, अर्जाचे नमुने, लाइफजॅकेटवरच्या सूचना, मुलीचं दहावीचं पुस्तक, यांतून मी तसे अडतीस शब्द काढले आणि घरी बसून डिक्शनरीत एकेकाची रेघ पाहिली. बायको म्हणाली, "लग्न ठरवताना माझी पत्रिका एवढी बघितली नव्हती." इन्फर्मेशन, मे-वर जोर. रजिस्ट्रेशन, स्ट्रे-वर. एक्झॅमिनेशन, ने-वर. पंचवीस शब्द झाले तेव्हा मी पहिल्यापासून पुन्हा एकदा तपासून पाहिले. नियम एवढा सरळ, आणि आम्ही सगळे डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्या शेजारून गेलेलो. अडतीसपैकी सदतीस शब्द बरोबर आले. अडतिसावा टेलिव्हिजन, त्याची 'शन'वाली शेपटी बोलताना 'जन' होते. त्याचा जोर पहिल्या टे-वर.

सोमवारी मी घाबरत घाबरत सांगितलं, "टीचर, एक शब्द तुमचं ऐकत नाही."

मला वाटलं हिरमुसतील. त्यांनी डिक्शनरी उघडली, रेघ पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "वा. वर्गात एक तरी असा लागतोच."

मग फोटोग्राफची गंमत निघाली. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर. त्यालाच 'अर' जोडून फोटोग्राफर केलं की जोर दुसऱ्यावर. 'इक' जोडून फोटोग्राफिक केलं की तिसऱ्यावर. टीचर दोरी हातात घेऊन गोंधळल्या. "शेपटी बदलली की गाठ का सरकते?"

त्या वेळी बोटीवर गाड्या चढत होत्या. शेवटी एक ट्रक आला आणि खलाशानं आधी चढलेल्या दोन गाड्या पुढे सरकवायला लावल्या, बोट एका बाजूला झुकू नये म्हणून. मी नुसतं बोट दाखवलं. टीचरांनी ट्रककडे पाहिलं. "मागे वजन आलं की पुढच्यांनी सरकायचं," त्या हळूच म्हणाल्या. पुढच्या शिकवणीला पोरांना त्यांनी हेच सांगितलं आणि 'हे दिनकरचं आहे' असंही सांगितलं, असं मला एका मुलाकडून कळलं.

या काळात अलिनाशी फोन चालूच होते. पण टीचर तिच्याशी फक्त एका तुकड्याचे शब्द बोलत. गुड. कम. ईट. स्कूल. लव्ह. लांब शब्द त्या एप्रिलसाठी राखून ठेवत होत्या.

फेब्रुवारीत त्यांनी मला एक यादी करायला सांगितली. आपले जुने विद्यार्थी, ज्यांना कामात इंग्रजी बोलावं लागतं असे, आसपास राहणारे. आम्ही दोघांनी आठवून तेवीस नावं काढली.

"कशाला हवी यादी?"

"चुकीचं शिकवलंय ना त्यांना. जिथे चूक केली तिथे जाऊन खोडायची."

मी म्हटलं, "टीचर, ते लोक आता पन्नाशीला आलेत."

"अर्धा मार्क घेताना तू काही बोलला नव्हतास."

तेवीसपैकी एकोणीस जणांकडे त्या गेल्या. दोनदा मी सोबत होतो. समुद्राकाठी सलीमच्या पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, बाहेर मोठी पाटी: अकोमोडेशन. टीचरांनी त्याला दोरी दिली, पाच गाठी, चौथी मोठी. सलीम म्हणाला, "टीचर, वीस वर्षं तुम्ही शिकवलेलंच म्हणतोय. खोल्या भरतायत की."

"खोल्या भरतात म्हणून शब्द बरोबर होत नाही. म्हण."

सलीमनं म्हटलं. मग त्याच्या बायकोनं म्हटलं. मग स्वयंपाकीणबाई आतून बाहेर आल्या आणि त्यांनी सगळ्यांत बरं म्हटलं.

डॉक्टरकडे मात्र बारा पेशंट रांगेत होते. टीचर तेराव्या नंबरवर बसल्या. आत गेल्यावर डॉक्टरनं विचारलं, काय होतंय टीचर? टीचर म्हणाल्या, "मला काही होत नाही. तुझं एक्झॅमिनेशन चुकतंय." बिचारा आधी घाबरला. मग दोरीवर बोट फिरवून पाच-सहा वेळा म्हणाला आणि एकदम हसत सुटला. म्हणाला, मोठ्या कॉन्फरन्समध्ये बोलायला उभा राहिलो की दोन-तीन जणांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, कारण आज कळलं. बाहेर येताना टीचर मला म्हणाल्या, "रागावला नाही." त्यांना ती भीती होती, हे मला तेव्हा समजलं.

एप्रिलचा तो दिवस शनिवार होता. मुलगा मुंबईहून गाडीने येणार, आगरदांड्याला बोट पकडून दिघीला जाणार. टीचरांनी घरी थांबायला हवं होतं. पण दोनच्या बोटीनं त्या या बाजूला आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. दोरीला गाठी मारायच्या, ओढून सोडायच्या, पुन्हा मारायच्या. जनाबाईनं पाणी दिलं ते बाकावर तसंच राहिलं.

"पहिलं काय बोलणार?" मी विचारलं.

"जे डिसेंबरात विचारलं होतं तेच. ज्या पेपरात नापास झाले तोच पुन्हा."

तीन चाळीसला गाडी आली. मुलगा उतरला, टीचरांच्या पाया पडायला वाकला, पण त्या त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मागच्या दारातून दोन वेण्या घातलेली एक बारकी पोरगी उतरली. तिनं दादीला मिठी मारली आणि मग जनाबाईच्या टोपलीतल्या बोंबलांकडे बघत उभी राहिली.

टीचरांनी दोरी मुठीत धरली. अंगठा हळूहळू सरकताना मला दिसला. मोठी गाठ, मग दोन लहान.

"अलिना, डू यू ईट व्हेजिटेबल्स?"

पोरगी बोंबलांकडेच बघत होती. मी मनात आकडे मोजत होतो, सवय आहे. एक. दोन. तीन. सून पुढे व्हायला लागली तसा मुलानं तिचा हात धरला. चार. टीचरांच्या ओठावर घाम आला होता.

अलिनानं मान वळवली. आईकडे नाही, दादीकडे. नाक मुरडून म्हणाली, "नो, दादी. ओन्ली पोटेटोज."

टीचरांनी मूठ सैल केली.

"काय म्हणाली पोर?" जनाबाईनं मला विचारलं.

"भाजी खात नाही म्हणते. फक्त बटाटा."

"मंग बोंबील खाईल. न्या टीचर, ताजे सुकवलेले हायेत."

त्यानंतर जी बडबड सुरू झाली ती मी लिहून घेऊ शकलो नाही. जर्नी कम्फर्टेबल होती का, क्लासमध्ये कोण कोण आहे, टेलिव्हिजनवर काय बघतेस. टेलिव्हिजन म्हणताना टीचरांनी टे-वर असा जोर दिला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी वहीत तोंड घातलं. मुलगा एका कडेला उभा होता. थोड्या वेळानं म्हणाला, "अम्मी, तिकीट काढू?"

"काढ," टीचर म्हणाल्या आणि पुन्हा पोरीकडे वळल्या.

बोट यायला अजून वेळ होता. जेटीवर अंतरांची एक पाटी आहे, वर मराठीत, खाली इंग्रजीत. अलिना ती वाचायला लागली. दिघी जमलं. त्याच्या खालच्या शब्दाशी मात्र ती थबकली. "हॅरि... हॅरिहा... दादी, इट्स टू लाँग."

हा श्वास मी ओळखत होतो. आठवीच्या वर्गातला.

टीचर खाली बसल्या. दोरीवरची मोठी गाठ त्यांनी ओढून सोडली, मग लहान गाठीही सोडल्या. कोरी दोरी पोरीच्या हातात दिली आणि तिच्याकडून एकेक गाठ मारून घेतली. ह. रि. ह. रे. श्वर. पाच गाठी.

अलिनानं दोरी बोटांनी चाचपली आणि विचारलं, मोठी गाठ कुठे आहे?

"नो बिग नॉट," टीचर म्हणाल्या. "इन मराठी, ऑल सेम."

बोट लागली. गाडी चढली, माणसं चढली, फळी उचलली गेली. पंधरा दिवसांनी ते सगळे म्हसळ्याच्या रस्त्याने परस्पर मुंबईला गेले, त्यामुळे टीचरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच फेरीला. माझ्या वहीत तिची नोंद आहे: गाड्या सात, दुचाकी बारा, माणसं एकसष्ट. कठड्याशी आजी-नात उभ्या होत्या. एकीच्या हातात दोरी, दुसरीच्या हातात मिटलेली छत्री. बोट वीस-पंचवीस हात गेली असेल, तेव्हा टीचरांनी छत्रीची मूठ लोखंडी कठड्यावर आपटली. पाच ठोके, पाचही सारखे, आणि त्यांच्या मागोमाग पोरीचा आवाज, पाढे म्हणतात तसा. इंजिनाच्या घरघरीतूनही मला तो बऱ्याच लांबपर्यंत मोजता येत होता.